दीड वितेवरचे जग

येवल्याच्या जुन्या वस्तीत, जिथे गल्लीतून चालताना दोन्ही बाजूंच्या घरांतून मागांचा खटका कानांवर येत राहतो, तिथे पैठणीचा पदर विणणाऱ्या माणसाशेजारी काही काळ स्वस्थ बसण्याची संधी ज्याला लाभली असेल, त्याच्या ध्यानात एक गोष्ट आल्यावाचून राहत नाही: विणताना हलतात ते हात, परंतु विणण्याचा भार उचललेला असतो तो नजरेने. पदराच्या नक्षीसाठी धोटा या काठापासून त्या काठापर्यंत धावत नाही. रंगारंगाचे रेशीम गुंडाळलेली इवलीशी तिल्ली ताण्याच्या मोजक्या तारांमधून आत सारायची, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवून परत फिरवायची, आणि मोराच्या मानेवरचा निळा जिथे संपतो व हिरवा जिथे सुरू होतो ती सीमा एका तारेनेही चुकू द्यायची नाही, असे हे काम सकाळच्या उजेडापासून दिवेलागणीपर्यंत चालते. तारा केसासारख्या बारीक. आणि डोळा व तार यांमधील अंतर फार तर दीड वीत.

ज्या तरुण विणकराच्या मागाशेजारी मी बसलो होतो, तो बोलताना मान वर करीत नव्हता. विचारले तेव्हा म्हणाला, "पदर चढला की मान वर करून चालत नाही, तार चुकते. संध्याकाळी उठून दारात आलो ना, की समोरच्या दुकानाची पाटी जरा पुसट दिसते. हातपाय धुऊन चहा होईस्तोवर परत साफ. आम्ही नाही मनावर घेत." त्याने ते मनावर न घेणे स्वाभाविकच आहे, कारण त्याचे काही अडत नाही, तथापि दिवसभर तारेवर खिळलेली नजर मोकळी झाल्यावरही काही काळ तारेपाशीच रेंगाळते, या एवढ्याशा गोष्टीच्या मागे मानवी नेत्राच्या स्वभावाचा एक मोठा भाग उभा आहे, आणि त्याचा धागा धरून पुढे गेले असता आपण येवल्याच्या मागापासून आपल्याच घरातील मुलांच्या अभ्यासाच्या टेबलापर्यंत येऊन पोहोचतो. म्हणून तो धागा सावकाश उलगडावा असे मला वाटते.

डोळ्याला दूरचे व जवळचे एकाच क्षणी स्पष्ट दिसत नाही. खिडकीतून दिसणाऱ्या झाडाकडे पाहत असताना स्वतःचे बोट डोळ्यासमोर वीतभर अंतरावर धरले, तर झाड स्पष्ट असेतो बोट अस्पष्ट राहते, आणि बोटावर नजर आणताच झाड विरघळते. नजर जवळ आणण्यासाठी डोळ्याला आपली प्रकाश वळविण्याची शक्ती वाढवावी लागते, आणि ही वाढ मोजण्याचे माप म्हणजे चष्म्याच्या नंबराचेच माप, डायॉप्टर. मीटरमध्ये मोजलेल्या अंतराने एकाला भागले की ते मिळते: एक मीटरवरच्या वस्तूसाठी एक डायॉप्टर, दीड वितेवरच्या, म्हणजे सुमारे तेहतीस सेंटिमीटरवरच्या तारेसाठी तीन, आणि मुले पुस्तक नाकाशी धरतात त्या वीस सेंटिमीटरसाठी पाच. निवांत डोळ्याची एकंदर शक्ती साठ डायॉप्टरच्या आसपास असते. तिचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग बाहेरच्या पारदर्शक पडद्याचा, आणि उरलेला आतल्या नेत्रभिंगाचा. वाढीव तीन डायॉप्टर यांतले कोण पुरवते, हा प्रश्न शतकानुशतके अनिर्णित होता. कोणी म्हणे पुढचा पडदा अधिक फुगतो, कोणी म्हणे सारा नेत्रगोलच लांबतो, कोणी म्हणे भिंग पुढे सरकते.

या वादाचा निकाल ज्या पद्धतीने लागला, ती वाचताना आजही अंगावर काटा येतो. १८०१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात टॉमस यंग नावाच्या, तिशीही न गाठलेल्या वैद्याचा नेत्राच्या यंत्रणेविषयीचा प्रबंध प्रसिद्ध झाला. त्यातील प्रयोगांचा विषय त्याचे स्वतःचेच डोळे होते. पुढचा पडदा फुगतो काय हे ठरविण्यासाठी त्याने आपला डोळा पाण्यात बुडविला. पाणी आणि पडदा यांची वक्रीभवनाची क्षमता जवळजवळ सारखी असल्याने पाण्यात पडद्याची शक्ती लोपते. तिच्या जागी त्याने बाहेरून एक काचेचे भिंग योजले, आणि पाहिले तो नजर जवळ-दूर करण्याचे सामर्थ्य जसेच्या तसे शाबूत. नेत्रगोल लांबतो काय, हे पाहण्याची त्याची रीत याहून धाडसाची होती. डोळा नाकाकडे पूर्ण वळवून त्याने एका किल्लीचे कडे डोळ्याच्या पाठीमागे सारले आणि पुढूनही तसाच दाब दिला, जेणेकरून गोलाला लांबायला जागाच उरू नये. मागच्या दाबामुळे दृष्टीत प्रकाशाचे एक वलय दिसते. नजर जवळ आणताना डोळा लांबला असता तर ते वलय पसरले असते. ते पसरले नाही. मोतीबिंदूमुळे ज्यांचे भिंग काढून टाकलेले होते अशा माणसांना तपासून, त्यांच्यात ही शक्ती राहत नाही, याचीही त्याने खात्री करून घेतली. भिंगच आपला आकार बदलते, हा त्याचा निष्कर्ष त्या काळी सर्वांना पटला नाही. परंतु तो खरा होता.

भिंग आकार कसे बदलते, हे पुढे १८५५ साली हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने विशद केले. हॉलंडमधील क्रॅमरने त्याच्या आधीच मेणबत्तीच्या ज्योतीची डोळ्यात पडणारी प्रतिबिंबे न्याहाळून दाखवून दिले होते, की नजर जवळ येताच भिंगाच्या पुढच्या पृष्ठावरील प्रतिबिंब लहान होते, म्हणजे ते पृष्ठ अधिक बहिर्गोल होते. हेल्महोल्ट्झने सांगितलेली रचना प्रथमदर्शनी उलटी वाटते. नेत्रभिंग हे सूक्ष्म तंतूंनी चहूकडून ताणून धरलेले असते, आणि त्या तंतूंची दुसरी टोके एका वलयाकार स्नायूत रोवलेली असतात. स्नायू आकुंचन पावला की वलय लहान होते, तंतू सैल पडतात, आणि ताणातून सुटलेले भिंग आपल्याच लवचीकपणाने गोलसर होते. सारांश, जवळचे पाहणे हा स्नायूचा उद्योग आहे, आणि भिंगाला मात्र त्या वेळी मोकळीक मिळते. त्याच वेळी दोन्ही डोळे नाकाकडे वळतात, दीड वितेवरच्या तारेसाठी दोहोंचे मिळून सुमारे अकरा अंश, आणि बाहुली बारीक होते. या तिन्ही क्रिया एकाच मज्जातंतूच्या हुकमतीखाली एकत्र घडतात. आज्ञा सुटल्यापासून साधारण एका सेकंदात सारे पार पडते, आणि आपल्याला त्याची वार्ताही नसते.

आता एक प्रश्न उरतो, आणि माझ्या मते या विषयातील सर्वांत मनोज्ञ प्रश्न तोच आहे: पाहण्यासारखे काहीच नसेल तेव्हा डोळा कोठे पाहतो? सामान्य समजूत अशी की विसावलेला डोळा क्षितिजाकडे पाहतो. अनुभव तसा नाही. ग्रिनिचच्या वेधशाळेचे प्रमुख मॅस्केलाइन यांना अठराव्या शतकाच्या अखेरीस रात्रीच्या निरीक्षणात आपली नजर आखूड होते असे आढळले होते. १८८३ साली लॉर्ड रॅले यांनी अंधाऱ्या खोलीत तोच अनुभव नोंदविला. निरभ्र, रित्या आकाशात उडणाऱ्या वैमानिकांचेही तेच होते. समोर काही खूण नसली की त्यांची नजर आपोआप जवळ येते, आणि दूरचे विमान दिसायला उशीर होतो. लेसर किरणांच्या साहाय्याने मोजमापे झाली तेव्हा असे दिसले, की अंधारात तरुण डोळा सरासरीने हाताच्या लांबीइतक्या अंतरावर स्थिरावतो. कोणाचा थोडा अलीकडे, कोणाचा बराच पलीकडे. म्हणजे डोळ्याचे विश्रांतिस्थान क्षितिजावर नाही, ते मधेच कोठेतरी आहे, आणि दूर पाहण्यासाठी एका बाजूला व जवळ पाहण्यासाठी दुसऱ्या बाजूला त्याला तेथून हलावे लागते.

आणि हे विश्रांतिस्थान कायमचे नसते. दीर्घकाळ जवळचे काम केले की ते स्वतःच कामाच्या दिशेने सरकते. बर्कली येथील क्लिफ्टन शोर यांनी या घडामोडीची जी उपपत्ती मांडली, ती आपल्याकडच्या जुन्या दफ्तरी व्यवहाराच्या भाषेत सांगितली तर चटकन उमगेल. वस्तू जवळ आली की प्रथम तातडीचा हुकूम सुटतो; तो एका सेकंदात अमलात येतो, आणि तितक्याच त्वरेने विरतो, म्हणून तो टिकवायचा तर पुनःपुन्हा सोडावा लागतो. तोच हुकूम तासन् तास येत राहिला, तर एक दुसरी, मंद गतीची यंत्रणा तो आपल्याकडे घेते आणि त्याचा शिरस्ता करून टाकते. मग तातडीच्या यंत्रणेवरचा भार उतरतो, नजर विनासायास तारेवर ठरते, आणि म्हणूनच निष्णात विणकर तासांमागून तास काम करू शकतो. परंतु शिरस्ता हा हुकमासारखा क्षणात रद्द होत नाही. माणूस मागावरून उठून दारात आला तरी तो काही काळ चालूच राहतो, आणि तेवढा वेळ समोरच्या दुकानाची पाटी पुसट दिसते.

हा पुसटपणा मोजलाही गेला आहे. तो बहुधा पाव ते अर्ध्या डायॉप्टरच्या आसपास असतो. ज्यांची दूरची नजर मुळात चांगली त्यांच्यात तो लवकर, पुष्कळदा मिनिटा-दोन मिनिटांतच ओसरतो, आणि ज्यांना आधीच दूरचा चष्मा आहे त्यांच्यात अधिक रेंगाळतो. दोन्ही डोळे नाकाकडे वळविणाऱ्या यंत्रणेतही असाच शिरस्ता पडतो. म्हणून विणकराला जो अनुभव येतो तो रोग नव्हे. डोळ्याने त्या दिवशीच्या कामाशी केलेला तो समेट आहे, आणि रात्रीतून तो मोडतो. खरा शीण बहुतेक वेळा दुसरीकडून येतो. एकाग्र नजरेत पापण्या कमी लवतात, त्यामुळे डोळा कोरडा पडतो व चुरचुरतो; आणि उजेड अपुरा असला की बाहुली विस्फारते, बाहुली विस्फारली की थोडीशीही चूक खपत नाही, आणि स्नायूला अधिक काटेकोरपणे राबावे लागते. येवल्यातले जुने कारागीर पदराचे नाजूक काम दिवसाच्या उजेडात, खिडकीशी लागलेल्या मागावर करतात, ते काटकसरीने नव्हे. भरपूर प्रकाशात बारीक झालेली बाहुली निम्मे काम आपल्याकडे घेते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक आहे.

इटलीतील बर्नार्दिनो रामात्सिनी या वैद्याने कारागिरांच्या रोगांविषयी जो ग्रंथ लिहिला, १७०० साली तो प्रथम प्रसिद्ध झाला, त्यात त्याने अतिबारीक काम करणाऱ्यांच्या दृष्टीचा आवर्जून विचार केला आहे. सतत एकाच बिंदूवर खिळलेली नजर त्या बिंदूशी जखडते, हे त्याने ओळखले होते. अशा माणसांनी चष्मा वापरावा, आणि अधूनमधून काम बाजूला ठेवून डोळे इतरत्र वळवावेत, असा त्याचा सल्ला होता. हल्ली संगणकावर काम करणाऱ्यांना दर वीस मिनिटांनी वीस सेकंद, वीस फुटांपलीकडे पाहा असे सांगितले जाते. त्या नेमक्या आकड्यांना काटेकोर प्रमाण आहे असे नाही, परंतु त्यामागचा विचार रामात्सिनीच्या काळाइतका जुना आणि रास्त आहे: शिरस्ता पडण्याआधी हुकमाची मालिका तोडावी.

पुण्यात, तुळशीबागेच्या आसपासच्या एका अरुंद दुकानात, अजूनही मनगटी घड्याळे उघडून दुरुस्त करणारे एक वयस्क घड्याळजी बसतात. त्यांच्या एका डोळ्यात काळ्या नळकांड्याचे भिंग बसविलेले असते, आणि चिमट्यात धरलेला स्क्रू, जो मला मिठाच्या कणाएवढा दिसत होता, त्याच्या मस्तकावरची खाच ते शांतपणे पाहू शकत होते. "दिवसभर हे लावून डोळे दुखत नाहीत का?" असे विचारले तर म्हणाले, "भिंगानं नाही दुखत साहेब, भिंगाशिवाय दुखतात." हे वाक्य प्रकाशशास्त्राच्या दृष्टीने तंतोतंत खरे आहे. भिंगापासून योग्य अंतरावर धरलेल्या वस्तूवरून येणारे किरण भिंगातून बाहेर पडताना समांतर होतात, म्हणजे जणू फार दूरवरून आल्यासारखे होतात. त्यामुळे वस्तू बोटभर अंतरावर असूनही डोळ्याच्या स्नायूला जवळ पाहण्याचा हुकूम सोडावाच लागत नाही. जवळच्या कामाचा सारा भार काच उचलते. विणकराला ही सोय नाही, कारण त्याला दोन्ही डोळे, दोन्ही हात आणि पदराची सारी रुंदी एकदम हवी असते.

त्या विणकराची आई पलीकडच्या ओसरीवर कांड्या भरीत होती. साठीच्या आतबाहेरची बाई. तरुणपणी तिने स्वतः काठ विणले होते. आता ती धागा बोटांच्या पेरांनी ओळखते, आणि सुईत ओवायचा झाला तर नातीला हाक मारते. तिच्या डोळ्यांत घडले ते प्रत्येक मनुष्याच्या डोळ्यांत घडते. नेत्रभिंग जन्मभर वाढत राहते, थरावर थर चढतात, आणि ते उत्तरोत्तर ताठ होत जाते. दहा वर्षांच्या मुलाला सात-आठ सेंटिमीटरवरचे अक्षर वाचता येते. चाळिशीच्या सुमारास ही मर्यादा वीतभरावर जाते, आणि पन्नाशीत पुस्तक हातभर लांब धरूनही समाधान होत नाही. चुंबकीय प्रतिमांनी असे दाखविले आहे, की वलयाकार स्नायू उतारवयातही आकुंचन पावतो. हुकूम सुटतो, तो पोहोचतोही, पण भिंगाच्या अंगी तो पाळण्याचे मार्दव उरलेले नसते. म्हणून डोळ्यांच्या व्यायामांनी वाचनाचा चष्मा सुटतो, असे जे १९२० साली अमेरिकेत बेट्स या नेत्रवैद्याने प्रतिपादन केले आणि जे आपल्याकडेही अनेक घरांत श्रद्धेने सांगितले जाते, त्याला आधार नाही. युट्रेख्टच्या डोंडर्स या नेत्रवैद्याने १८६४ साली दृष्टीच्या साऱ्या दोषांची शास्त्रशुद्ध वर्गवारी केली, पण खात्रीचा उपाय त्याआधीपासूनच ठाऊक होता, आणि तो स्वस्त आहे: बहिर्गोल काचांचा चष्मा.

तो स्वस्त असूनही हातांनी पोट भरणाऱ्या असंख्य माणसांपर्यंत पोहोचत नाही, याची खंत मला फार वाटते. कारण त्याचा परिणाम मजुरीवर होतो. आसामातील चहाच्या मळ्यांत चाळिशी उलटलेल्या साडेसातशे मजुरांवर एक शिस्तबद्ध पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. निम्म्यांना प्रारंभीच साधा जवळचा चष्मा दिला, उरलेल्यांना पाहणी संपल्यावर. ज्यांना आधी मिळाला त्यांनी खुडलेल्या पानांचे प्रमाण इतरांच्या तुलनेत सुमारे बावीस टक्क्यांनी वाढले. पाने खुडण्याचे काम पैठणीच्या मानाने ढोबळच म्हणावे लागेल. येवल्यातील त्या माउलीला एक चष्मा मिळाला, तर ती पुन्हा काठ विणू लागेल की नाही हे तिने ठरवायचे; पण निदान ते ठरविण्याचा अधिकार तरी तिच्याकडे राहील.

येथवर जे सांगितले ते प्रौढ डोळ्याविषयी झाले. प्रौढाच्या डोळ्यात कामाचा शिरस्ता पडतो आणि मोडतो. मुलांच्या डोळ्यात तसे होत नाही, आणि या लेखात मला जे मुख्यतः सांगायचे आहे ते येथे आहे: वाढत्या डोळ्यात शिरस्त्याची कायम सनद होते.

नवजात अर्भकाचा नेत्रगोल पुढून मागे सुमारे सतरा मिलिमीटर असतो. प्रौढ वयात तो चोवीसच्या घरात जातो. या वाढीत डोळ्याने एक विलक्षण हिशेब सांभाळलेला असतो. पडदा व भिंग यांची शक्ती आणि गोलाची लांबी यांचा मेळ असा बसला पाहिजे, की दूरच्या वस्तूचे प्रतिबिंब बरोबर दृष्टिपटलावर पडावे. गोल एक मिलिमीटर जरी अधिक लांबला, तरी दूरच्या नजरेत अडीच-तीन डायॉप्टरचा, म्हणजे चांगल्या जाड काचेचा फरक पडतो. हा मेळ डोळा जन्मतः घेऊन येत नाही. प्रतिबिंब कसे पडते हे पाहत पाहत तो आपली लांबी बेतत जातो. १९७७ साली वीझेल आणि राव्हिओला या शास्त्रज्ञांनी दाखविले, की लहान माकडाची पापणी शिवून ठेवली तर तो डोळा अवाजवी लांब वाढतो. पुढे कोंबडीच्या पिलांना अंतर्गोल काचा बसविल्या असता, प्रतिबिंब दृष्टिपटलाच्या मागे पडू लागताच डोळे त्या मागे पडलेल्या प्रतिबिंबापर्यंत पोहोचण्यासाठी लांबत गेले, असे आढळले. आणि डोळ्याचा मेंदूशी असलेला संबंध तोडला तरीही हे घडत राहिले. वाढीचा निर्णय डोळा आपल्या आपणच घेतो.

माणसाच्या मुलांत डोळे असे लांबतात याची मोजदाद या प्रयोगांहून जुनी आहे. प्रशियाच्या अमलाखालील ब्रेस्लाउ शहरात हर्मन कोन या नेत्रवैद्याने दहा हजार साठ शाळकरी मुलांचे डोळे तपासून १८६७ साली जे निष्कर्ष मांडले, ते त्या काळी खळबळजनक ठरले. खेड्यातील शाळांत ऱ्हस्वदृष्टीची, म्हणजे ज्यांना दूरचे पुसट दिसते अशी, मुले शेकडा दीड-एक. शहरातील वरिष्ठ विद्यालयांत शेकडा सव्वीस. आणि एकाच शाळेत इयत्ता जसजशी वर जाई तसतसे प्रमाण वाढत जाई. कोनने मंद उजेड आणि वाकून बसायला लावणारी बाके यांना दोष दिला, आणि युरोपातील शाळांच्या खिडक्या व बाके त्यानंतर बदलली. शंभर वर्षांनी, १९६९ साली, अलास्काच्या उत्तर टोकावरील बॅरो या वस्तीतील पाहणी प्रसिद्ध झाली. एकाकी वस्त्यांत वाढलेल्या एकशे एकतीस प्रौढांत ऱ्हस्वदृष्टीचे केवळ दोन निघाले; शाळेत गेलेल्या त्यांच्या मुलानातवंडांत निम्म्याहून अधिक. रक्त तेच, अन्न थोडेबहुत बदललेले; पण एका पिढीत डोळे लांबले. आनुवंशिकतेचा वाटा मी नाकारीत नाही, परंतु एका पिढीत घडलेला असा बदल केवळ तिच्या माथी मारता येत नाही.

साहजिकच संशय वलयाकार स्नायूवर गेला. सारखे जवळ पाहावे लागते, म्हणून स्नायू आवळलेला राहतो, आणि त्या ताणाने गोल लांबतो, असा तर्क दीर्घकाळ रूढ होता. आणि स्नायू सैल करणारे ॲट्रोपिनचे थेंब घातले की मुलांचा नंबर वाढण्याचा वेग मंदावतो, हे त्याला पोषक पुरावा मानले जाई. पण कोंबडीच्या पिलांनी हा तर्क डळमळीत केला. त्यांच्या डोळ्यातील स्नायू वेगळ्या जातीचा असल्याने ॲट्रोपिनचा त्यावर परिणाम होत नाही, आणि तरीही ॲट्रोपिनने त्यांच्याही डोळ्यांचे लांबणे थांबते. स्नायूवरचा मुख्य आरोप असा बराचसा सुटला. आज अधिक ग्राह्य धरली जाणारी उपपत्ती ही, की पुस्तक फार जवळ धरले असता मुलाचा डोळा लागते तितकी शक्ती पुरती लावत नाही, किंचित कमी लावतो, आणि त्यामुळे प्रतिबिंब तासन् तास दृष्टिपटलाच्या जरासे मागे राहते. वाढता डोळा हाच लांबण्याचा इशारा समजतो. मात्र हे एकच कारण पुरेसे नाही, हे पुढील पाहण्यांनी दाखवून दिले.

सहा-सात वर्षांच्या चिनी वंशाच्या मुलांची सिंगापूर आणि सिडनी येथे तुलना करणारी पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. सिंगापुरात त्यांपैकी शेकडा एकोणतीस मुले ऱ्हस्वदृष्टीची, सिडनीत शेकडा तीन-साडेतीन. सिडनीची मुले वाचनात मागे नव्हती, उलट आठवड्याला अधिक पुस्तके वाचीत. फरक होता तो घराबाहेरच्या वेळाचा. सिडनीत आठवड्याला पावणेचौदा तास, सिंगापुरात अवघे तीन. दिल्लीत अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने सुमारे दहा हजार शाळकरी मुले तपासली; त्या पाहणीचा अहवाल २०१५ साली आला. शेकडा तेरा मुलांत हा दोष होता, आणि दिवसाला दोन तासांहून अधिक वेळ बाहेर घालविणाऱ्या मुलांत तो कमी होता. त्याच वर्षी चीनमधील ग्वांगझोच्या प्रयोगाचे फलित प्रसिद्ध झाले: काही शाळांत दररोज चाळीस मिनिटांचा एक जादा तास उघड्यावर ठेवला, आणि तीन वर्षांनी तेथील नव्याने ऱ्हस्वदृष्टी झालेल्या मुलांचे प्रमाण शेकडा तीस भरले, इतर शाळांत जवळजवळ चाळीस.

नाशिकच्या एका नेत्रतज्ज्ञ बाईंच्या दवाखान्यात मी एक सकाळ बसलो होतो. आईबापांनी आणलेल्या मुलांच्या डोळ्यांत आधी थेंब घातले जातात, कारण लहान मुलाचा स्नायू तपासणीच्या वेळीही आवळलेला राहून खोटा नंबर दाखवितो. थेंबांनी तो सैल पडला की खरा नंबर निघतो. एका आजोबांनी हट्ट धरला, "बाई, नंबर जरा कमीच द्या, पूर्ण दिला की डोळ्याला सवय लागते आणि वाढतच जातो." त्यांना त्या शांतपणे म्हणाल्या, "आजोबा, कमी नंबरानं वाढ थांबत नाही. फळ्यावरचं मात्र दिसत नाही पोराला." मलेशियातील एका प्रयोगात, मुद्दाम कमी नंबर दिलेल्या मुलांची ऱ्हस्वदृष्टी थांबली तर नाहीच, ती थोडी अधिकच वेगाने वाढली, हे २००२ साली प्रसिद्ध झालेले आहे. आणि ही बाब चष्म्याच्या गैरसोयीपुरती नाही; नेत्रगोल फार लांबला की दृष्टिपटल ताणून पातळ होते, पुढील आयुष्यात ते सुटण्याची, काचबिंदूची आणि मध्यदृष्टी कायमची जाण्याची भीती वाढते.

घराबाहेर डोळ्याला नेमके काय मिळते, उजेड की अंतर, याचा वाद अद्याप मिटलेला नाही. प्रखर प्रकाशात वाढविलेल्या पिलांचे डोळे कमी लांबतात, आणि प्रकाशाने दृष्टिपटलात डोपामिन हे द्रव्य अधिक स्रवते, यावरून पुष्कळांचा कल उजेडाकडे आहे. पण शाळा चालविणाऱ्यांनी वाद मिटेतो थांबण्याचे काही कारण नाही. तैवान थांबले नाही. २०१० पासून तेथे शाळकरी मुलांना दिवसाला दोन तास बाहेर ठेवण्याचा उपक्रम राबविला गेला, आणि दशकभर चढत गेलेले अधू दृष्टीचे प्रमाण, जे २०११ साली प्राथमिक शाळांत शेकडा पन्नासवर पोहोचले होते, ते २०१५ पर्यंत शेकडा सेहेचाळीसवर उतरले. आपल्याकडे मात्र परीक्षा जवळ आली की वेळापत्रकातून सर्वांत आधी मैदानाचा तास कापला जातो, शाळा सुटताच शिकवणीची खोली उघडते, आणि रात्री दहा वर्षांच्या मुलाच्या हाती, वीस सेंटिमीटरवर, मोबाइल असतो. हे करणारे आपण शिकलेले लोक आहोत, आणि मुलांच्या हिताच्याच भावनेने ते करतो, हे मला फार लागते. पहिलीपासून प्रत्येक वर्गाला, परीक्षेच्या महिन्यातही, दिवसाउजेडी निदान एक पूर्ण तास वर्गाबाहेर मिळाला पाहिजे, आणि तो शिक्षा म्हणून काढून घेण्याचा अधिकार कोणाही शिक्षकाला असता कामा नये. उन्हाळ्याची सबब येथे टिकत नाही. वर्गात खिडकीपासून दूर बसलेल्या मुलाला जेमतेम काहीशे लक्स उजेड मिळतो, तर भर दुपारी वडाच्या सावलीतही त्याच्या कितीतरी पट.